घोडे हलवले तेव्हा

"एवढा शिकलेला माणूस, अन् मातीच्या ढिगापायी तब्येत घालवली..." काकांच्या तेराव्याला आमच्याच ओसरीवर कॉफी पिता पिता कुणीतरी म्हणालं. मी विड्याची पानं घेऊन आतून येत होते. ऐकलं, आणि नेहमीसारखी पानं वाटत राहिले.

काका तंजावुरात शाळेत इतिहास शिकवत. तो 'ढीग' म्हणजे ओरत्तनाडू गावाच्या बाजूला शेतांमधून सरळ गेलेला मातीचा लांबच लांब बांध. जवळ ना नदी, ना तळं. राजेरजवाड्यांच्या कितीतरी आधी माणसांनी टोपल्यांनी माती वाहून तो रचला, असं काका म्हणत. त्याच्या कुशीतून काळ्या-तांबड्या खापऱ्या डोकावत. वर गाव राखणाऱ्या अय्यनार देवाची मूर्ती आणि त्याचे भाजक्या मातीचे घोडे उभे होते, गावानं नवसाला वाहिलेले. देवाच्या पायाखालची माती, म्हणून तिथे कुणी कुदळ लावत नसे. "कायदा येईल तेव्हा येईल," काका हसत, "तोवर हेच आमचे शिपाई."

मग शहरातल्या आमच्याच मराठी मंडळींनी वारसा जपायला समिती काढली. बांध बघून अध्यक्ष म्हणाले, "सर, यात बघायचं काय? ना शिलालेख, ना खांब. घोडे मात्र सुरेख!" उन्हापावसात ते खराब होतील म्हणून रस्त्याकाठी सिमेंटचा चौथरा बांधला, वर पत्रा घातला, आणि पूजा करून अय्यनारला घोड्यांसकट तिथे नेलं. काका विनवत राहिले, "हलवू नका हो, माती उघडी पडेल." म्हाताऱ्याला कुणाचं चांगलं बघवत नाही, असं ठरलं.

देव गेला, भीतीही गेली. उन्हाळ्यात वीटभट्टीच्या बैलगाड्या आल्या. काका बसनं जात, गाड्यांपुढे उभे राहत. "वाध्यार, सामी तिकडे गेला," गाडीवान या मास्तरांना समजावत, "आता ही नुसती माती." त्यात खोटं काय होतं? काका धुळीनं माखून परतत आणि न जेवता पडून राहत. बांधाच्या जागी खड्डे तेवढे उरले, तेव्हापासून ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

गेल्या आठवड्यात समितीनं शोकसभा घेतली. काकांच्या फोटोला हार घालून अध्यक्ष म्हणाले, "हे घोडे आज सुरक्षित आहेत, ते यांच्यामुळे." माना डोलल्या. विचारल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हे कॉन्व्हेंटात माझ्या अंगात मुरलेलं... तरी मी उठले.

"घोडे बांध राखत होते. ते तुम्ही हलवलेत. त्याला माझ्या काकांचं नाव लावू नका."