हळदीच्या मांडवातला ग्लास

काशीनाथची दारू सुटून सहा वर्षं झाली होती. उर्मिलेची धास्ती मात्र सुटली नव्हती.

लालबागची खोली विकून अठ्ठ्याऐंशी साली दोघं भाईंदरला केबिन रोडवर राहायला आली. जागा मोठी हवी होती म्हणून, असं सगळ्यांना सांगत. खरं कारण वेगळं होतं. काशीनाथला गटाराच्या कडेवरून उचलून आणताना इथे कुणी पाहिलं नव्हतं. इथे तो काशीमीऱ्याच्या गोदामातला सरळमार्गी कारकून होता. रोज संध्याकाळी त्याच्या हातातली पिशवी घ्यायच्या निमित्ताने उर्मिला पुढे व्हायची आणि हळूच वास घ्यायची. तोही उंबऱ्यात जरा थांबायचा. यावर दोघं कधी एक अक्षर बोलली नाहीत. मग आल्याचा चहा व्हायचा.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात गोदामातला ड्रायव्हर नाथा पाटील याच्या मुलाची हळद निघाली, जवळच्या चेणे गावात. नाथा घरी येऊन आमंत्रण देऊन गेला. आता आगऱ्यांच्या हळदीतून पाहुणा कोरडा परत गेला तर घरधन्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यात नाथाची हौस दांडगी, ज्याला जे आवडतं तेच त्याच्या हातात पडलं पाहिजे. ताडी होती, मोहाची होती, उत्तनच्या मित्राकडची लाल वाइन होती, इंग्लिशचे तर खोकेच होते.

"अहो, नका ना जाऊ," उर्मिला चार दिवस म्हणत होती.

"नाही गेलो तर का नाही गेलो, ते सांगावं लागेल," काशीनाथ म्हणाला. शेवटी तीही त्याच्याबरोबर निघाली.

मांडवात धवलारीण हळदीची गाणी म्हणत होती, पण बायकांत बसलेल्या उर्मिलेचे डोळे पुरुषांच्या बाजूला. काशीनाथ गोदामाचा मॅनेजर शशिकांत याच्याशेजारी बसला होता. पलीकडे नाथाचा म्हातारा चुलता धर्माजी. तो एवढ्या मोठ्याने थट्टा करत होता की त्याला सगळ्यांत जास्त चढलीय असं पोरं म्हणत होती. तेवढ्यात नाथाची बायको शालन स्टीलच्या ग्लासांचं ताट घेऊन आली. काशीनाथने एक ग्लास उचलला. एक घोट घेतला. मग दुसरा, डोळे मिटून.

पुढे काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. माणसांतून वाट काढत ती गेली, काशीनाथच्या हातातून ग्लास ओढला आणि सगळ्यांदेखत नाकाला लावला.

गवती चहा. कोरा.

आसपासची माणसं वळून बघू लागली. शशिकांतने एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा काशीनाथकडे, आणि त्याला काय कळायचं ते कळलं.

"वयनी," शालन खालच्या आवाजात म्हणाली, "पिनं सोरलेल्यांना आमी त्याच ग्लासात चाय देतो. म्हंजे कोनी काय विचारीत न्हाय."

"मीच परवा नाथाला सांगितलं होतं," काशीनाथ म्हणाला. त्याची मान खाली होती.

उर्मिलेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, ते तिनेच भर मांडवात उघडं केलं होतं.

तेवढ्यात धर्माजीने आपला ग्लास तिच्यापुढे धरला. थट्टा थांबली होती.

"माजाबी बगा, वयनी. यंदा धा वर्सं झाली."

त्याला चढलीय म्हणणारी पोरं आ वासून बघत राहिली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

उर्मिलेने तो ग्लास नाकाशी नेला नाही. सरळ एक घोट घेतला. चहाच होता, पार निवलेला. तिचे डोळे भरून आले. काशीनाथचा ग्लास तिच्या दुसऱ्या हातात तसाच होता, तो तिने पुढे केला. त्याने लगेच घेतला नाही, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिला जी भीती वाटली ती दारूची नव्हती, तो आता आपल्या हातून काही घेईल की नाही याची होती.