खाडीवरून परत आलेला बाप्पा
शाडूचा वास आला ना, की मला ते वर्षच आठवतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून विसर्जनाला बाप्पा पहिल्यांदाच काकांनी डोक्यावर घेतला आणि बाबा ओटीवर बसून खाडीच्या वाटेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच. मग मी लॅपटॉपवर बाप्पाला नेणाऱ्या बाबांच्या चालीची चित्रं काढून ती पुन्हापुन्हा फिरणारा लूप केला, बांधावरून खाडीपर्यंत त्याने जायची वाट, म्हणजे मोशन पाथ, ओढला आणि त्यांना दाखवला. पडद्यावरचे बाबा खाडीपर्यंत मस्त चालत गेले, आणि तिथून बाप्पासकट उलट्या पावलांनी घरी! पाथ चुकून जा-ये ठेवलेला. आई हसत म्हणाली, "विसर्जन राहिलं की गो!" मी दुरुस्त करायला बसले, तर बाबा म्हणाले, "नको गो. येतोय तर येऊ दे त्याला." आता मी हेच ॲनिमेशनचं काम करते, पण तो लूप अजून दुरुस्त केला नाय.