करमाळ्याच्या बाईंचं पेन

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. ज्यांना सांगणं भागच होतं त्या दोघी सोडल्या तर — बायकोपुढंही नाही. तुम्हाला सांगतो.

भवानी पेठेत माझं जुनी शाईपेनं दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. मोडलेली क्लिप, चिरलेलं टोपण — असली बारीक कामं मी करतो, आणि चांगली करतो. हाताचा गर्व होता मला. कदाचित तिथूनच सगळं... असो. सांगतोय ना.

करमाळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका, सुशीलाबाई, सुनेला घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचं पेन होतं. शाई अडकत होती, एवढंच. "आठवड्यानं या," म्हणालो. निबेखाली शाई पुढं नेणारी काळी पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. दिवसभर पाण्यात भिजवून, हलक्या हातानं काढायची असते ती. मला कुठला धीर? कोरडीच पकडीत धरली, पिळली — कट्. दोन तुकडे.

दोघी पुन्हा आल्या तेव्हा खरं बोलायला काय लागत होतं? चार शब्द. मी म्हणालो, "बाई, जीभ आधीच मोडलेली होती. घरात कुणाच्या तरी हातून पडलं असणार."

बाईंनी सुनेकडं, रेखाकडं, वळून पाहिलं. गेल्याच महिन्यात तिनं त्या पेनानं कसलासा फॉर्म भरला होता, हे पहिल्या खेपेलाच बोलण्यात आलं होतं.

"मी न्हाई ओ पाडलं, आत्या," ती म्हणाली. "देवाशपथ न्हाई."

तिचे डोळे भरलेले मी पाहिले. पाहिले — आणि गप्प राहिलो. बाई पेन माझ्याकडंच टाकून निघून गेल्या.

तसली जीभ कुठं मिळेना. मग मीच करायची ठरवली. यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारा एक दोस्त आहे, त्याच्या लेथवर एबोनाईटची, म्हणजे कडक काळ्या रबराची, कांडी धरायला शिकलो. शाईची खाच केसाएवढी — जरा खोल गेली की पेन गळतं, उथळ राहिली की कोरडं. किती कांड्या वाया गेल्या! दोन वर्षं गेली. आणि एका दुपारी निब कागदावर टेकवली — काय सांगू तुम्हाला — ओळ निघाली ती थांबेचना. पान भरलं, उलटलं, मागची बाजूही भरली. "जमलं!" मी एकटाच ओरडलो. शेजारचा शिंपी काय झालं म्हणून धावत आला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं करमाळा गाठलं. दार रेखानंच उघडलं. बाईंना बोलावून घेतलं आणि दोघींसमोर उभ्या उभ्या सांगितलं — जीभ मी मोडली. खोटं मी बोललो.

पेन त्यांच्यापुढं ठेवलं. बाई म्हणाल्या, "दोन वर्षं मी हिच्याशी धड बोलले नाही." मग पेन उचलून सुनेच्या हातात दिलं. "घे. आजपासून तुझं."

रेखानं कागद ओढला. स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. एकदा, मग आणखी मोठ्या अक्षरांत. शाई कुठंच तुटली नाही. तिचा चेहरा असा उजळला की माझा ऊर भरून आला — कशाला लपवू, अभिमानानंच.

मग तिनं मान वर केली.

"पेन लई झ्याक चालतंय," ती म्हणाली. "पर त्या दिवशी तुमी माझ्याकडं बगत हुता की. तरी गप बसला."

"व्हय," मी म्हणालो. "बघत होतो."