नानांची लाइन

एका वेळी एकानेच बोलावे, ही गोष्ट अख्ख्या खानदेशात फक्त माझ्या मामासासऱ्यांना साधली होती. सारे फैजपूर त्यांना नाना म्हणायचे. नव्वद सालच्या आसपास तिकडे केळीवाल्यांचा संघ, साखर कारखाना आणि दवाखान्याची गाडी या तिघांत मिळून वायरलेसची एकच लाइन होती. एक बोलू लागला की बाकीच्यांनी थांबायचे, असा नियम. पण आमच्याकडे थांबतो कोण? आधी राम राम, मग घरच्यांची खुशाली, मग पाऊसपाणी, आणि मूळ काम आठवेपर्यंत दुसरा कोणीतरी मध्ये घुसलेला असायचा. संघाचा मुख्य सेट नानांच्या ओसरीवर होता, बाकीचे मळ्यांत आणि ट्रकांत. तेव्हा कोणी न सांगताच त्यांनी लाइनवर पाळ्या लावायला सुरुवात केली, आणि ती सवय मग त्यांच्या अंगातच भिनली. जेवताना दोन्ही सुना एकदम बोलल्या तर नाना घास हातात धरून म्हणत, "आधी मोठी, मंग धाकली." माझ्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडचे आवाज चढले, तेव्हा त्यांनी तांब्यावर चमचा वाजवला. "थांबा ना भो! आधी वरपक्षाले बोलू द्या, मंग तुमचं." समोरचा ऐकतो आहे म्हटल्यावर वरपक्षाला, म्हणजे आमच्या माणसांना, बोलायला काही सुचेना, आणि माझे लग्न ठरले. बोलणे संपले की वायरलेसवरचे 'ओव्हर', म्हणजे 'माझे संपले, आता तुम्ही', म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका घरी ते सांत्वनाला गेले आणि म्हणाले, "लय वाईट झालं भो. ओव्हर." घरच्यांनाही सवय होती. त्यांनी आपले बोलणे सुरू केले.

असे सगळे सुखात चाललेले असताना सरकारचे फर्मान आले. एकच लाइन अनेकांनी वापरायची तर तिच्यावर सरकारमान्य समन्वयक हवा. साहेब येऊन परीक्षा घेतील, माणूस योग्य वाटला तर प्रमाणपत्र देतील, नाहीतर लाइन बंद. नानांचे जेवणावरचे लक्षच उडाले. ती लाइन म्हणजे त्यांचा जीव होता. त्यांनी सगळ्यांना बजावले, "उद्या साहेब बसतीन ऐकाले. एक फालतू शब्द कोनी बोलायचा नाही. राम राम तं बिलकुल नाही."

मी जळगावला मेहरूणमध्ये राहणारा, म्हणून साहेबांना फैजपूरला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. साहेब ओसरीवर बसले, चहा झाला, सेट सुरू झाला. आणि लाइनवर चिटपाखरू नाही! नानांची परीक्षा आपल्या तोंडून बिघडायला नको, म्हणून माणसांनी बोलणेच बंद केले होते. कारखान्याचे निरोप त्या दिवशी सायकलवरून जात होते. शेजारच्या मळ्यातला मुकादम तर केळीची गाडी भरली, हे सांगायला स्वतः चालत आला आणि साहेबांना बघून तसाच मागे फिरला. साहेबांनी घड्याळ पाहिले. "ही लाइन कोणी वापरत नाही वाटतं. मग समन्वय कशाचा करणार? काढून घ्यावी लागेल." नानांचा चेहरा उतरला. त्यांनी माइक तोंडाशी धरला. "अरे, बोला ना भो कोनीतरी!" खरखर. "तुमच्या पाया पडतो, बोला!" तीही परीक्षेतलीच एखादी खोच असणार, असे समजून माणसे आणखी घट्ट गप्प बसली. नानांना असे गयावया करताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला ते बघवेना.

तेवढ्यात सेट कडाडला. केळीच्या ट्रकचा धुळ्याकडचा ड्रायव्हर आठवडाभर घरी गेला होता. त्याला या बंदीचा पत्ताच नव्हता. "राम राम नाना! घर बठ्ठा बरा शेतस ना? मी नशिराबादजोडे उभा शे. मना गाडीनं टायर फुटनं!" नशिराबादजवळ टायर फुटून उभा होता, तरी आधी घरचे सगळे बरे आहेत ना, हे त्याने विचारलेच.

मग मात्र कोणाला राहवले नाही. हा गडी नानांची परीक्षा बुडवतो आहे म्हणून सारी लाइन त्याच्यावर तुटून पडली. कारखाना ओरडला, दवाखाना ओरडला, मळ्यामळ्यातून शिव्या आल्या. नानांनी डोळे पुसले आणि बटण दाबले. "गप! बठ्ठे गप!" एका क्षणात शांतता. "दवाखाना, तुमचं काही तातडीचं? नाही? मंग बसा. धुळेवाले, टायरचं सांगा. कारखाना, तुमचा ट्रॅक्टर तिकडं हाये ना, त्याले धाडा." साहेब गालातल्या गालात हसत होते. प्रमाणपत्रावर त्यांनी तिथेच सही केली. संध्याकाळी सगळ्या लाइनने पाळीपाळीने नानांचे अभिनंदन केले, आणि त्या दिवसापुरता नानांनी राम रामला परवाना दिला.

पुढे घरोघर फोन आले. संघ फोनवर बोलू लागला, मग कारखाना, मग दवाखाना. लाइन कोणी काढून घेतली नाही, ती आपोआपच ओस पडली. काही वर्षांनी मी गेलो, तर भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होते आणि नाना रोजच्यासारखे सेटसमोर बसले होते. खरखर चालली होती. "कोनी बोलत नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारले. नाना हसले. "त्या दिवसासारखे गप असतीन भो. माह्यासाठी." मी त्यांच्या हातातला माइक घेतला आणि बटण दाबून म्हणालो, "राम राम नाना. घरचे सगळे बरे आहेत ना?" मी हातभर अंतरावर बसलो होतो, तरी त्यांनी माइक परत घेऊन मामींच्या गुडघ्यापासून नातवाच्या शाळेपर्यंत साऱ्या घराची खुशाली सावकाश सांगितली. शेवटी ओव्हर म्हणायचे तेवढे राहून गेले.