प्रयोगशाळेत उतरवलेली अंगठी

या, जरा जवळ सरकून बसा बघू. पुस्तक असं हातभर लांब धरायचं आणि मधे मधे फोन बघायचा, हे माझ्याकडे चालायचं नाही. मी लिहिते म्हणजे बोलतेच. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं पोरांच्या पुस्तकांवरून उचललं. वाक्य वाकडं गेलं तर सांभाळून घ्या, पण लक्ष इकडे ठेवा.

नातीच्या कॉलेजातून निरोप आला, घरचं कुणीतरी येऊन भेटा. सून, म्हणजे तिची आई, हरिहरेश्वराला एका लॉजवर स्वयंपाकाला जाते. सीझनचे दिवस, तिला सुट्टी कुठली? मीच निघाले. एसटीत नात खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"काय केलंस गं?"

"काही केलं नाही. म्हणूनच बोलावलंय."

ते खरंच होतं. सायन्सच्या पहिल्या वर्षाला विजेचे आणि लोहचुंबकाचे प्रयोग असतात. ही पोर टेबलापासून लांब उभी राहायची. जोडीदारीण तारा जोडायची, ही नुसते आकडे लिहून घ्यायची. परीक्षेत प्रत्येकीला एकटीने प्रयोग करावा लागतो. तर हिने मॅडमना सांगून टाकलं, मी कॉलेजच सोडते.

कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. ते मोठं वादळ झालं तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी, सुपारीची झाडं हो, आडव्या झाल्या. लाईट कितीतरी दिवस नव्हती. माझा लेक, म्हणजे हिचा बाप, कोयता घेऊन कुंपणावर पडलेल्या पोफळी तोडत होता. झावळ्यांखाली विजेची तार होती. तुटलेली, मेलेली तार, असंच सगळे धरून चालले होते. त्या दुपारी लाईट आली. सगळ्या आळीत पोरं ओरडली, "आली! आली!" मीही हसले, खोटं कशाला सांगू. आणि मग वाडीतून कोयत्याचा आवाज यायचा थांबला.

तेव्हा नात नववीत होती. त्यानंतर तिने बटणाला बोट लावलं नाही. पोळ्यांचं लाटणं घ्यायची आणि त्याने पंखा लावायची. झोपेत दचकायची. आमच्यात दचकणाऱ्या पोराच्या उशाशी लोखंड ठेवतात, तशी मी विळी ठेवली. तरी दचकणं थांबेना, तेव्हा तेरावं झाल्यावर घोड्याच्या नालेची अंगठी करून आणली आणि तिच्या बोटात घातली. म्हटलं, "ही हाय तोवर तुला वीज शिवायची न्हाय."

तर ती प्रयोगशाळा. लांबडी खोली, लाकडी टेबलं, भिंतीला शेवाळ्याचा वास. मॅडम तरुण होत्या, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या. मला स्टूल दिलं. टेबलावर एक उभं कडं होतं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आणि मधोमध काचेची डबी. डबीत सुई. होडीवर होकायंत्र असतं, तसलंच म्हणा ना.

मॅडमनी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर स्वतःची बोटं ठेवली. "बघ, एवढ्याने काही होत नाही. घरातली वीज वेगळी, ही वेगळी. कुठली कशी ते कळावं म्हणूनच इथे यायचं. आता तू कर. आजी इथेच आहेत."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ दाबून एकेक तार जोडली, आणि चावी म्हणजे पितळेची एक खुंटी असते, ती खाचेत बसवली. सुई फिरली. पोरीने श्वास सोडला, तसा मीही सोडला.

पण आकडे जमेनात. वीज एकीकडून सोडली काय नि उलटी सोडली काय, सुई दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच वळायला हवी म्हणे. हिची एकीकडे जास्त, एकीकडे कमी. तारा परत जोडल्या, तरी तेच.

जोडीदारीण हसली. "तुझ्यातच करंट आहे गं बाई!"

"गप तू. माझ्याने होणारच नाही हे."

मॅडम वाकून बघत होत्या. नात डबी हलू नये म्हणून हात तिच्यावर घट्ट धरून सुई वाचत होती. "हात काढ जरा." हात काढला, सुई सरकली. हात ठेवला, पुन्हा ढळली. "अंगठी कशाची आहे?"

पोरीने मूठ मिटली. "लोखंडाची. आजीने घातलीय. काढायची नाही ती."

"लोखंड जवळ आलं की सुई तिकडे ओढली जाते. आणि हातात धातू घालून विजेपाशी काम करू नये, बाळा."

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी उठले आणि नातीचा हात धरला. अंगठी रुतलेली, बोट वाढलं आणि ती तेवढीच. बेसिनपाशी साबण लावून फिरवत बसले.

"आजी, काढल्यावर काही झालं तर?"

मी आणखी साबण लावला. आणि बोलले. "तुझ्या बापाच्या हातात अंगठी नव्हती म्हणून तो गेला न्हाय गं. तारेत वीज आलीय हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून गेला. तू ते ठाऊक करून घे."

आजवर घरात हे कुणी असं मोठ्याने म्हटलं नव्हतं. जोडीदारीण पाठ फिरवून उगाच तारा गुंडाळत बसली. अंगठी निघाली. खाली कातडी पांढरी पडलेली.

नात टेबलापाशी गेली. खुंटी बसवली, हात मागे घेतला. सुई इकडे वळली. वीज उलटी केली, तिकडे वळली. आकडे जमले. ती आनंदाने उड्या वगैरे मारत नव्हती हो. वहीत लिहिलं आणि डोळे पुसले, इतकंच.

परतीच्या एसटीत, म्हसळ्याचा फाटा मागे पडल्यावर, तिने विचारलं, "आजी, बाबांना नेमकं काय झालं होतं? मला कुणी सांगितलंच नाही." मी सांगितलं. ओली जमीन, अनवाणी पाय, ती ओरडणारी पोरं, सगळं. तिने मधेच थांबवून विचारलं, तार कुंपणाला टेकली होती का, कुंपण कशाचं होतं. प्रयोगाबद्दल विचारावं तसं. आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तेव्हापासूनचं साठलेलं सगळं.

कॉलेज तिने सोडलं नाही. परीक्षेला एकटीने उभी राहिली.

लेक गेल्यापासून आमच्याकडे येणारी माणसं त्याचा विषय टाळायची. टाळता टाळता यायचीच कमी झाली. तुम्ही मात्र या. नात सुट्टीला घरी आहे, सुपारी सोलायला बसलो की दुपारभर मोकळ्याच असतो. तो कसा होता, हसायचा कसा, कसा गेला, खुशाल विचारा. आता आम्ही दोघी सांगतो. फार दिवस लावू नका, लवकर या.