दंडावरचा पांढरा डाग

चौदा वर्षांची होते तेव्हा माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढा पांढुरका डाग उठला. नेमक्या त्याच आठवड्यात शाळेत एक कार्यकर्ते आले. महारोगाची पाहणी करणारी तुकडी गावात येणार, असं सांगून म्हणाले, "ज्या डागाला हात लावलेला कळत नाही, तो लपवू नका. आता गोळ्या आहेत, रोग बरा होतो." गोळ्यांचं माझ्या कानात शिरलंच नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांची खाट असाच डाग निघाल्यावर गोठ्यात नेऊन टाकली होती. गोळ्यांनी काका बरे होत आले, तरी खाट गोठ्यातच! असले मेले घरचे! आणि आमच्याकडे तर गोठाही नव्हता. मग मला ठेवणार कुठे?

मी आपली मीच परीक्षा सुरू केली. अंघोळीला चिमटा, भूगोलाच्या तासाला चिमटा, केळझरच्या गणपतीपुढे हात जोडायच्या आधी चिमटा. दुखलं की जीव भांड्यात पडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा शंका, खरंच दुखलं की नुसतं वाटलं? मग आणखी जोरात. एकदा मुंगळा धरून आणला आणि दंडावर सोडला. तो नालायक डाग ओलांडून गेला आणि मानेला कडकडून चावला. जेवण जाईना, मैत्रिणींशी बोलणं बंद. 'पोरीचं वयच तसं आहे,' म्हणून सगळे मोकळे झाले. वय म्हणे! डोंबलाचं वय!

शेवटी तुकडी आली. शाळेच्या ओट्यावर बायकांची रांग लागली. पुढे डॉक्टरीणबाई, हातात कोंबडीचं पीस.

"डोळे मीट. पीस लागेल तिथे बोट ठेव."

मी डोळे मिटले आणि चटकन बोट ठेवलं. "इथे!"

"अगं, मी अजून लावलंच नाही."

रांग खिदळली. दुसऱ्यांदाही मी तोच घोळ घातला. तिसऱ्यांदा पीस खरंच लागलं आणि अशी गुदगुली झाली, की मी किंचाळून मागे उभ्या असलेल्या मायच्या पायावरच पाय दिला.

"कळतं हो, चांगलं कळतं," डॉक्टरीणबाई हसल्या. "हे साधं शिबं आहे. गंधकाचं मलम लाव, जाईल."

मी तिथेच रडायला लागले. हसूही येत होतं, नाकातूनही काय काय येत होतं. तेवढ्यात त्यांनी माझा दंड उजेडात धरला. डागाभोवती सगळं काळंनिळं.

"हिला चिमटे कोण काढतं?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला.

"मीच," मी म्हणाले.

"मीच," मागून माय म्हणाली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. डॉक्टरीणबाईंनी पीस खाली ठेवलं.

"झोप लागते का गं तुला?"

मी मान हलवली, उशिरापर्यंत नाही.

"उद्यापासून या वयाच्या पोरींना डागाबरोबर झोपेचं, जेवणाचंही विचारायचं," असं त्यांनी सोबतच्या माणसाला बजावलं आणि मायकडे वळल्या. "आणि तुम्हाला?"

माय पदराचं टोक पिळत म्हणाली, "बाई, डाग मले तिच्याआधीच दिसला होता. विचारू कसं? पोरगी घाबरली असती. मंग रोज ते झोपली का मी चिमटा काढत होती. पोरगी झोपीतच हात झटके अन् मले शिवी दे. शिवी ऐकली का मंग मले झोप लागे."