हिरव्या लुगड्यावरची मिरची

नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या चक्कीवर आज तिखट दळायला नेलं आणि पहिल्याच ठसक्याला आमच्या कॉलेजातले ते सर आठवले. अजूनही माझं डोकं फिरतं. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे फोटो पाहून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमला, चांगली-वाईट मिरची ओळखायला शिकवायचं होतं, म्हणून भिवापूरच्या एक मावशी महिनाभर मिरच्या निवडत होत्या आणि मी फोटो काढत होतो. चांगल्या मिरच्या त्या आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यावर ठेवत आणि डागी मिरच्या पोत्यावर; मी तिथेच त्यांचे फोटो काढायचो. त्यांच्या घरची ती रीतच होती. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या तेच लुगडं आणि तेच पोतं घेऊन नागपूरला आल्या. पाहुण्यांसमोर सर छाती फुगवून म्हणाले, "याला कोणी शिकवलं नाही. मेंदूसारखं आपलं आपण शिकलंय हे." मावशी ताडकन उठल्या. "मंग मी महिनाभर काय करून राहिली होती?" म्हणत त्यांनी एक सडकी मिरची कॅमेऱ्यासमोर लुगड्यावर ठेवली. पडद्यावर 'उत्तम' आलं. तीच मिरची उचलून पोत्यावर ठेवली, तर 'खराब'. "याले मिरची नाही समजत, माह्यं लुगडं समजते!" सर खेकसले, "अडाणी बाईच्या भरवशावर काम केलं की हेच होतं!" मावशी माझ्याकडे वळल्या. "फोटो तर तूच काढले ना? तू काहून चूप आहे गा?" त्या संध्याकाळी मी प्रकल्पाचा अहवाल लिहायला बसलो. सरांना मी आजही शिव्या घालतो, पण 'चूक मिरच्या निवडणाऱ्या बाईची' हे अहवालातलं वाक्य माझ्याच हातचं आहे.